वापरलेली कुशी

बाळाला कशात गुंडाळायचं यावर मगदुमांच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी समृद्धीच्या लग्नाच्या वेळी स्थळावरसुद्धा झाली नव्हती. स्थळ एकच होतं आणि ते तिनंच आणलेलं होतं. कापडं मात्र खंडीभर होती.

समृद्धी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून इचलकरंजीला माहेरी आली होती. मुलगी ठरल्या तारखेच्या तीन आठवडे आधीच झाली. वजन जेमतेम सव्वादोन किलो. बारसं व्हायचं होतं, तोवर सगळे तिला चिमी म्हणायचे. समृद्धीची आई मनीषाताई यांनी आयुष्यभर ब्यूटी पार्लर चालवलेलं. जगात कुणाचाही चेहरा सुधारता येतो आणि कुणालाही सल्ला देता येतो, या दोन गोष्टींवर त्यांची गाढ श्रद्धा होती.

त्यांनी सातव्या महिन्यापासूनच दुपटी शिवून ठेवली होती. पूर्वी आज्यांच्या पेटीत मऊ लुगडी असायची. आताच्या आज्यांचं आयुष्य गाऊनमध्ये गेलेलं, त्यामुळं दुपटीही गाऊनची. धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड, त्यावर फिकट झालेली जांभळी फुलं. दिसायला यथातथाच, पण गालाला लावलं तर हात मागे घ्यावासा वाटू नये इतकं मऊ.

बालरोगतज्ज्ञ डॉ. मुजावरबाईंनी घरी सोडताना बजावून सांगितलं होतं, "कापड कुठलंही घ्या, सुती घ्या म्हणजे झालं. हात बांधलेत तर चालेल, पाय बांधायचे नाहीत. गुडघे वर घेता आले पाहिजेत, बाजूला पडता आले पाहिजेत. सरळ ताणून बांधलं तर खुब्याचा सांधा सरकतो. छातीपाशी आपली दोन बोटं आत गेली पाहिजेत. झोपवायचं उताणं. तोंडावर, डोक्यावर काही येऊ द्यायचं नाही. आणि पालथं पडायला बघतंय असं दिसलं की गुंडाळणं बंद."

"आमच्या वेळी पाय सरळ करूनच बांधायचे बघा," मनीषाताई म्हणाल्या. "नाहीतर पाय फेंगडे राहतात म्हणायचे."

"म्हणायचे," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

हे सगळं ठरलं तोच समृद्धीची नणंद ऋतुजा पिशवी घेऊन दारात हजर झाली. पिशवीत कुशी होती.

कुशी म्हणजे काय, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नव्हतं, पण ज्यांच्या घरात तान्हं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला साधं, दुधाच्या सायीच्या रंगाचं कापड. पण त्यातला दर दहावा धागा सुताचा नसून एका प्लॅस्टिकचा. हा धागा पीळ घालघालून स्प्रिंगसारखा वळलेला. त्यातून अगदी किंचित वीज गेली की तो आखडतो, वीज थांबली की सैल पडतो. आपला स्नायू करतो तेच. शर्टाच्या बटणाएवढी एक चकती बाळाचा श्वास, ठोके, अंगाची ऊब आणि आवाज टिपत राहते आणि कुठला धागा कधी आखडायचा ते ठरवते.

तान्ही मुलं झोपेत दचकतात. पोटात असताना चहूबाजूंनी आधार होता, बाहेर आल्यावर हात हवेत जातात आणि आपल्याच हातांना घाबरून मूल जागं होतं. गुंडाळण्याचा उपयोग तेवढ्यासाठीच. साधं कापड एकदा बांधलं की तसंच राहतं. कुशी मात्र बाळ दचकलं की जवळ घेतल्यासारखी आवळते आणि निवलं की सोडून देते. पायांच्या बाजूला तिची नुसती सैल पिशवी असते. बाळ फार तापलं की फोनवर ओरडते, एका अंगावर वळायला लागलं की स्वतःच उघडून मोकळी होते. डॉ. मुजावरबाईंच्या सगळ्या अटींमध्ये ती पहिल्या नंबरानं पास होत होती.

आणि ती शिकायची. पहिले काही दिवस ती बाळाचं प्रत्येक रडणं तपासून बघायची. जरा आवळलं आणि बाळ शांत झालं, तर ते रडणं झोपमोडीचं. आवळूनही आवाज चढतच गेला, तर ते भुकेचं. मग ती लगेच सैल पडायची आणि आईच्या फोनवर निरोप धाडायची. म्हणता म्हणता तिला आपल्या बाळाची भाषा कळायला लागायची. या शिकण्याच्या प्रोग्रॅमचा एक मोठा तुकडा लिहिला होता श्रेयसनं, म्हणजे समृद्धीच्या नवऱ्यानं. पुण्याच्या त्या कंपनीत त्याला या कामाबद्दल चांगलाच मान होता.

त्याला खरं तर लेकीसाठी नवीकोरी कुशी आणायची होती. मनीषाताईंनी ते पहिल्याच वाक्यात मोडून काढलं.

"बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नसतं, श्रेयसराव. दणकट पोराचं वापरलेलं मागून आणायचं. त्याच्यासारखी तब्येत होते."

यात खोट काढावी असं काही नव्हतं. वापरलेलं कापड मऊ असतं, त्यातली खळ गेलेली असते. जुन्या लोकांनी रीत घातली ती काही उगाच नाही. म्हणूनच ऋतुजा आपल्या अद्वयची कुशी घेऊन आली होती. अद्वय जन्मताच चार किलोचा होता आणि आता दहा महिन्यांचा असताना त्याला कडेवर घेणाऱ्याची कंबर धरायची. दणकटपणात त्याच्या तोडीचं पोर दोन्हीकडच्या नात्यात नव्हतं.

श्रेयसनं कुशी फोनला जोडली. पडद्यावर प्रश्न आला : 'नवीन बाळ? कुशी पुन्हा कोरी करायची का?'

"कोरी?" मनीषाताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "मग मागून आणलं कशाला? कोरी केली की नवीच झाली की ती."

ऋतुजाही म्हणाली, "राहू दे रे. माझ्या अद्वयनं एवढं शिकवलंय तिला."

श्रेयसनं क्षणभर विचार केला. "तसं बघितलं तर बरोबरच आहे," तो म्हणाला. "शिकलेली आहे ती. चिमीसाठी शून्यापासून कशाला सुरुवात करायची? दोन दिवसांत चिमीचंही शिकून घेईल."

समृद्धी पलंगावर टाके सांभाळत पडली होती. "काय ते करा, पण लवकर करा," ती म्हणाली.

'नाही'वर बोट पडलं. रीतभात आणि विज्ञान यांचं त्या घरात इतकं झटकन एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. खरं तर तिथंच कुणीतरी थांबायला हवं होतं.

पुढचे दिवस घर असं शांत होतं की शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, "बाळ आहे ना घरात?" चिमी रडतच नव्हती. पाळण्यात ठेवली की डोळे मिटून पडायची. मनीषाताई येईल त्याला पडदा बाजूला करून दाखवायच्या. "एवढं गुणाचं पोर बघितलंय कुठं? आमची समू म्हणजे भोंगा होता नुसता!"

कुशीनं बाळाला धरलेलं असल्यामुळं बाळाला दुसऱ्या कुणी धरायची गरज पडत नव्हती. श्रेयस बारशापर्यंत सासरीच राहून कंपनीचं काम करत होता, मनीषाताईंचा डिंक-खोबऱ्याचा पसारा चालला होता, समृद्धीला झोप मिळत होती. घड्याळ बघून ती चिमीला जवळ घ्यायची, कुशीसकटच, कारण थंडीचे दिवस. चिमी दोन-चार घोट ओढायची आणि पुन्हा झोपी जायची. सगळे म्हणायचे, पोट भरलं.

काट्यानं मात्र तसं म्हटलं नाही. मंगळवारी डॉ. मुजावरबाईंनी चिमीला वजनाला घातलं, आकडा बघितला, उचलून पुन्हा घातलं.

"हिचं वजन जन्मापेक्षा कमी आहे," त्या म्हणाल्या. "पहिले काही दिवस सगळ्यांचंच उतरतं. पण एव्हाना चढायला हवं होतं. रडते का भुकेनं?"

"अजिबात नाही!" मनीषाताई कौतुकानं म्हणाल्या.

डॉक्टरांना ते कौतुक फारसं आवडलं नाही. "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात, उगाच नाही. लहान वजनाची मुलं झोपाळू असतात. पाजायच्या आधी अंगावरचं काढा, आईच्या उघड्या छातीशी धरा, जागी होऊ दे." मग त्यांनी समृद्धीला तपासलं आणि खुर्ची जवळ ओढून बोलल्या, "दूध थोडं कमी वाटतंय. घाबरू नकोस. दूध मागणीवर चालतं. बाळ ओढतं, रडतं, तो आवाज आईच्या मेंदूत जातो आणि पान्हा फुटतो. मागणी कमी झाली की पुरवठाही आटतो. आणि आई धास्तावलेली असली तरी पान्हा चोरला जातो. आपण वाटीचमच्यानं वरचं दूध सुरू करू, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शुक्रवारी परत आण. वजन चढलं नाही तर मात्र इथंच ठेवून घेईन. नळीनं पाजावं लागेल."

त्यांनी कुशीही बघितली. छातीशी दोन बोटं घातली, पाय सैल आहेत का ते बघितलं, मान हलवली. ती कुशी आधी कुणाची होती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. कापडाबद्दल असा प्रश्न कुणाच्या मनात येणार?

घरी आल्यावर मनीषाताईंनी कंबर कसली. एवढ्या थंडीत पोरीला उघडं कसं करायचं, म्हणून डॉक्टरांची तेवढी एक गोष्ट बाजूला राहिली. अळिवाची खीर, शतावरीचा काढा, लसणाची चटणी, पुन्हा खीर. प्रत्येक वाटीबरोबर एक वाक्य यायचं. "आमच्या वेळी धो धो दूध यायचं बाई." "तुमची पिढी खातीच काय?" बोलणं प्रेमापोटी होतं, म्हणून तर ते जास्त लागायचं. परक्यानं म्हटलं असतं तर समृद्धीनं दोन शब्द सुनावले असते. आईपुढं ती वाटी तोंडाला लावायची आणि भिंतीकडं तोंड करायची. आपल्याच्यानं एवढंही होत नाही, हे तिच्या मनानं घेतलं होतं. एकटी असली की ती रडायची. घरात रडणारी ती एकटीच होती.

बुधवारी सकाळी चिमीची अंघोळ झाली. मनीषाताईंनी तिला टॉवेलात उचललं तशी ती रडायला लागली. बारीक, चिरका आवाज. तोंड टॉवेलच्या काठाकडं वळवून ती काहीतरी शोधत होती.

"आण इकडं, मी घेते," समृद्धी म्हणाली.

"थांब, गार पडेल ती," म्हणत मनीषाताईंनी सराईतपणे कुशी गुंडाळली. रडणं अर्ध्यातच तुटलं. चिमीचे डोळे मिटले, चेहरा निवला.

समृद्धीनं वाकून बघितलं. डोळे मिटलेले होते, पण ओठ थांबले नव्हते. ते उघडत होते, मिटत होते, नुसत्या हवेवर चोखत होते. भूक गेली नव्हती. नुसता आवाज गेला होता.

तिनं श्रेयसला हाक मारली. त्यानं येऊन बघितलं, मग फोनवर बघितलं. "शांत, समाधानी दाखवतंय."

"समाधानी कुणी ठरवलं?"

"ठोके, श्वास, सगळं मोजून ठरतं ते, समू. झोपेत चोखतातच मुलं."

"ती झोपलेली नाही. तिला गप्प केलंय."

"हे बघ, आपण असं करू," श्रेयस समजुतीच्या सुरात म्हणाला. "उद्याचा अर्धा दिवस कुशीत ठेवू, अर्धा दिवस साध्या दुपट्यात. किती ओढते, किती रडते, मोजू. मग नक्की कळेल."

"म्हणजे अर्धा दिवस उपाशी ठेवून बघायचं?"

"उपाशी आहे हे अजून सिद्ध कुठं झालंय?"

"ते सिद्ध करायला तिला उपाशीच ठेवावं लागेल ना?" समृद्धीचा आवाज चढला. "मी नाही ठेवणार. मी आई आहे तिची, मी सांगतेय, तेवढं पुरत नाही का तुला?"

त्याला पुरत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता, त्याला मोजल्याशिवाय काही पटायचं नाही एवढंच. आणि मनात कुठंतरी त्यालाही वाटत होतं, की दूध कमी पडतंय हे तिला मान्य करवत नाही म्हणून ती कापडाला नावं ठेवतेय. तो बोलला नाही, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं वाचायला बायकोला चकती लागत नाही.

गुरुवारी सकाळी तिनं कुणाला न विचारता कुशी काढून ठेवली आणि चिमीला जांभळ्या फुलांच्या दुपट्यात घेतलं. चिमी रडायला लागली ती थांबेचना. समृद्धीनं छातीशी धरलं तर चार घोट ओढून चिडायची, मान फिरवायची आणि पुन्हा सूर लावायची. वाटीनं वरचं दूध दिलं तर अर्धं गालावरून ओघळायचं. प्रत्येक रडण्याला घरातले दोघे दारात येऊन उभे राहायचे. मनीषाताई बोलायच्या आणि श्रेयस गप्प राहायचा. दोन्हींचा अर्थ एकच. अशा पहाऱ्यात कसला पान्हा फुटतोय?

दुपार व्हायच्या सुमारास मनीषाताईंनाच रडू फुटलं. "समू, हट्ट सोड गं. पोरीच्या अंगात मूठभर मांस नाही आणि सकाळधरनं रडालीय. आहे ती ताकदपण जाईल की गं. निदान त्याच्यात निवांत झोपत तर होती."

"रडण्यात ताकद जाते हे खरं आहे," श्रेयस हळूच म्हणाला. "उद्या वजन आहे."

समृद्धीनं चिमीकडं बघितलं. तिनं तरी काय मोजलं होतं? तिनं फक्त ओठ बघितले होते. चिमी तिच्या हातात थरथरत होती. आपणच चुकत असू तर? आपला अपमान झाकायला आपण लेकीला रडवत असू तर?

"घाला तिला कुशीत," ती म्हणाली आणि गाऊन घेऊन बाथरूममध्ये गेली. दार लागल्यावर तिनं बादलीत नळ सोडला.

मनीषाताई नारळ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. श्रेयसनं चिमीला कुशीत बांधलं. ती लगेच शांत झाली. नेहमी इथं तिची रवानगी पाळण्यात व्हायची. आज घरात दुसरं कुणी नव्हतं आणि सासूबाईंचं "निवांत" त्याच्या कानात घोळत होतं, म्हणून तो तिला छातीशी धरून खिडकीतल्या उन्हात बसला.

त्यानं हजारो वेळा कुशी हाताळली होती, पण ती रबरी छातीच्या बाहुल्यांवर. आत जिवंत मूल असलेली कुशी त्यानं एवढा वेळ कधी धरली नव्हती. स्वतःच्या मुलीलाही नाही.

त्याच्या तळहाताखाली चिमीचं पोट आत ओढलं गेलं. छाती भरली. ही आता रडणार, असं त्याला वाटलं, तेवढ्यात कापड मिटलं. अगदी हळुवार, कुणी कुरवाळावं तसं. भरलेला श्वास आवाज न होता बाहेर गेला. चिमी सैल पडली. मग पुन्हा पोट आत गेलं. पुन्हा छाती भरली. पुन्हा कापड मिटलं. श्वास निघून गेला.

श्रेयस बसल्या जागी ताठ झाला. पुन्हा तेच झालं. पुन्हा.

कुशी तिचं रडणं थांबवत नव्हती, सुरूच होऊ देत नव्हती. आवाजच झाला नाही तर भुकेचं रडणं कुठलं आणि झोपेचं कुठलं, हे तिला कळणार कसं? दोन दिवसांत चिमीचं शिकून घेईल, असं तो म्हणाला होता. शिकायला तिनं चिमीला एकदाही बोलू दिलं नव्हतं.

आणि हे तिला शिकवलं होतं अद्वयनं. तो पोटभर बाटली पिणारा, तीही घड्याळाच्या ठोक्याला. भुकेची वेळ यायच्या आधीच त्याच्या तोंडात दूध असायचं. तो रडायचा तो फक्त झोपेसाठी नाहीतर पोटात वारा धरला म्हणून. कुशीनं त्यावरून ठरवून टाकलं, की बाळं भुकेनं रडत नाहीत. बाळ जितका वेळ शांत तितके तिला जास्त गुण, हा नियम श्रेयसनंच लिहिला होता. गुण वाढवायला ती लवकर, आणखी लवकर आवळायला शिकली. अद्वयचं त्यात काही बिघडलं नाही. पण तीच शिकवण तिनं सव्वादोन किलोच्या पोरीवर चालवली.

त्यानं कुशीचे बंद ओढून काढले. घाईत एक बंद दोनदा निसटला. कापड बाजूला झालं. चिमीचं पोट आत गेलं, छाती भरली आणि या वेळी मध्ये कुणी आलं नाही.

ती किंचाळली.

"समू!" बाथरूमच्या दारावर मूठ आपटत श्रेयस ओरडला. "समू, बाहेर ये! भूक लागलीय हिला! तुझं बरोबर होतं. ही सारखी रडतच होती गं, आपल्याला ऐकू येत नव्हतं!"

दार उघडलं. समृद्धी ओल्या केसांनी तशीच उभी होती, घाईत चढवलेला गाऊन उलटा. श्रेयसचं लक्ष तिच्या छातीकडं गेलं. कोरड्या गाऊनवर दोन ओले डाग पडले होते आणि बघता बघता पसरत होते.

तिनं चिमीला घेतलं आणि तिथंच, बाथरूमच्या उंबऱ्याशी, भिंतीला पाठ लावून खाली बसली. चिमीनं दोन वेळा इकडंतिकडं तोंड मारलं आणि धरलं. मग घराला घटाघट गिळण्याचा आवाज ऐकू यायला लागला. तिला ठसका लागला, तोंडातून दूध ओघळलं, आणि श्वास घेऊन ती पुन्हा चिकटली.

मनीषाताई नारळ घेऊन आत आल्या त्या हे बघून पायरीवरच थबकल्या. श्रेयसनं त्यांना तुटक तुटक सांगितलं. त्यांनी नारळ खाली ठेवला.

"मीच म्हटलं, कोरी करू नका," त्या म्हणाल्या.

"बटण मी दाबलं, आई. मला तर कळायला हवं होतं."

समृद्धीला त्या क्षणी दोघांपैकी कुणाशीच भांडायचं नव्हतं. ती लेकीकडं बघत होती. "दूध होतं, मम्मी," ती म्हणाली. "बोलावणारं कुणी नव्हतं."

मनीषाताईंनी पदर नसलेल्या गाऊनच्या बाहीनं डोळे पुसले आणि आत जाऊन टॉवेल आणला. लेकीचे ओले केस पुसायला.

श्रेयसनं संध्याकाळी कंपनीत फोन लावला. प्रयोगशाळेत प्रत्येक कुशी नवीच असायची. ती पाच-सहा ठिकाणी हिंडवून तपासावी, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाळाला मागून आणलेलं घालतात, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं असं नाही, सगळ्यांनाच आया होत्या. पण ऑफिसात शिरताना माणूस आईनं सांगितलेलं चपलांबरोबर बाहेर ठेवतो. वरिष्ठ म्हणाले, कुशी कोरी करून घेणं ग्राहकाची जबाबदारी आहे, पडद्यावर तसं विचारलेलं असतं. श्रेयस म्हणाला, "मलाही विचारलं होतं. मी ती बनवली आहे, तरी मी नाही म्हटलं." विक्री थांबवायची की नाही, यावर सोमवारी बैठक ठरली. सोमवारपर्यंत किती घरं शांत राहणार होती, हे मोजायचं यंत्र त्याच्याकडं नव्हतं.

शुक्रवारी चिमी जांभळ्या फुलांच्या दुपट्यात दवाखान्यात गेली. हात आत, पाय सैल, तोंड उघडं. बांधलं होतं श्रेयसनं, तीनदा सोडून. नर्सनं बाहेरच वजन केलं. आकडा चढला होता. थोडासाच, पण चढला होता. मनीषाताईंनी तो नर्सला पुन्हा वाचून दाखवायला लावला.

डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर सायीच्या रंगाचं गाठोडं, आत मूल गाढ. श्रेयस थांबला.

"ताई, ही कुशी आधी कुणाची होती?"

बाईचा चेहरा खुलला. "माझ्या जावेच्या दोन्ही पोरांची. त्याच्या आधी तिच्या भाच्याची. आमचं हे चौथं. एकाचाबी कधी आवाज नाही बघा घरात."

श्रेयसनं धागा, चकती, गुण असं काहीबाही सांगायला सुरुवात केली. बाईला त्यातलं काही कळेना. तिनं गाठोडं जवळ ओढलं आणि औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या आपल्या सासूकडं बघितलं. समृद्धीनं नवऱ्याला हातानं गप्प केलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

"दूध पुरतंय का ताई?"

बाईचं हसू मावळलं. "कमी आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळीच." ती खाली बघत म्हणाली. "वजन भरेना झालंय. आज इथंच ठेवून घेणार म्हणालेत."

"मलाही म्हणाले होते," समृद्धी म्हणाली. "एवढं उघडा त्याला. माझ्यासाठी उघडा."

"झोपलंय की हो. रडंल."

"रडू दे."

बाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग उलट्या पंजानं डोळे पुसले, एक बंद सोडला, दुसरा सोडला. कापड दोन्ही बाजूंना पडलं. मूल क्षणभर तसंच राहिलं, मग तोंड वासलं आणि सगळ्या दवाखान्याला कळेल असं रडायला लागलं. त्या आवाजानं चिमी जागी झाली आणि तिनंही सूर मिळवला. औषधाच्या रांगेतली सगळी डोकी वळली.

डॉ. मुजावरबाईंनी दार उघडून डोकं बाहेर काढलं. "कुणाचं रडतंय?"

"माझं," दोघी एकदमच म्हणाल्या.